कॅटलिस्ट तुझा, रेणू त्यांचा

ताई, नमस्कार.

मी मुंबईत रसायन अभियांत्रिकीत पीएच.डी. करते, तिसरं वर्ष संपत आलंय. विषय हायड्रोजनेशनचे, म्हणजे हायड्रोजन जोडण्याच्या अभिक्रियेचे, कॅटलिस्ट (अभिक्रियेला वेग देणारे पदार्थ). आमच्या सरांनी रोह्याजवळच्या एका कंपनीशी बोलणं केलंय. ती कंपनी आजही एक नायट्रो संयुग लोखंडाचा चुरा आणि आम्ल वापरून रिड्यूस करते, म्हणजे त्याचं अमाइन बनवते. त्यातून गाळ फार निघतो, म्हणून त्यांना हायड्रोजनवर जायचंय आणि माझा कॅटलिस्ट वापरून बघायचाय. मी सहा महिने त्यांच्या आर अँड डीत इंटर्न म्हणून बसायचं. सध्या मला एसआरएफचे (सीनियर रिसर्च फेलोशिपचे) महिना ४२,००० मिळतात, कंपनी वर २५,००० देणार म्हणते, शिवाय गेस्ट हाउसमध्ये राहायची सोय.

सहीसाठी दोन पानांचा कागद आलाय. त्यातल्या तीन गोष्टी खटकल्या. प्रकल्पाच्या काळातले 'सर्व शोध, सुधारणा आणि माहिती' कंपनीची. काहीही छापायचं तर कंपनीची लेखी परवानगी. आणि इंटर्नशिप संपल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत नोकरी करायची नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "सगळेच करतात गं सही, पेपरची काळजी नको करूस." लॅबमधला सीनियर म्हणतो, अजिबात जाऊ नकोस, स्वस्तातली मजूर म्हणून वापरतील, सहा महिने पाण्यात. कंपनीचे मॅनेजर तर म्हणाले, "काम जमलं तर इथेच जॉइन व्हा, पीएच.डी. काय, होत राहील." आई म्हणते, एवढ्या लांब कारखान्यात एकटी कशी राहणार. बाबा शिरोळकडे साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होते, ते एवढंच म्हणाले की कागद पाठव, मी वाचतो.

जाऊ का? आणि सही करू का?

— के., मुंबई

ता. क. बावळट प्रश्न आहे, पण तिथे रोज काय घालून जायचं?

*

के.,

वयाने तू माझ्या भाचीएवढी असशील, म्हणून अगंतुगंच करते.

जा. सही मात्र हा कागद आहे तसा असताना करू नकोस. आणि बाबांना पाठवलास की नाही अजून? आधी पाठव. ज्या माणसाने साखर कारखान्याच्या लॅबमध्ये हंगामामागून हंगाम काढले, त्याला अर्धा टक्का रिकव्हरीवरून, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या उताऱ्यावरून, काय महाभारत होतं ते ठाऊक असतं. आकड्याखाली कोणाची सही आहे याची कारखान्यात काय किंमत असते, हे तुझ्या सीनियरपेक्षा त्यांना जास्त कळतं.

तुला तीन गोष्टी खटकल्या. मला चौथी खटकली, ती कागदात नाहीच. पत्रात तू सहज लिहून गेलीस, 'माझा कॅटलिस्ट'. कागदात त्याचं नाव कुठे आहे?

काय होईल ते सांगते. पहिल्या सोमवारी तू पिशवीतून एक छोटी बाटली घेऊन जाशील, आत तीन वर्षांची काळी पूड. ती त्यांच्या टेबलावर ठेवशील. दुसऱ्या महिन्यात लक्षात येईल की त्यांच्या नायट्रो संयुगात थोडं गंधक येतंय आणि तुझा कॅटलिस्ट मरतोय. मग तू धातूचं प्रमाण बदलशील, धातू ज्यावर बसवतात तो सपोर्ट वेगळा घेशील, एखादा दुसरा धातू चिमूटभर घालशील. ही झाली 'सुधारणा', आणि कागद म्हणतो सुधारणा कंपनीची. आता यातलं जुनं कुठे संपलं आणि नवीन कुठे सुरू झालं? आज तुला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. दोन वर्षांनी दोन वकील समोरासमोर बसले की कोणालाच सांगता येणार नाही, आणि कागदावर लिहिलेलं तेवढं खरं धरलं जाईल.

म्हणून पहिलं काम हे. करारांच्या भाषेत याला बॅकग्राउंड आयपी (आयपी म्हणजे बौद्धिक संपदा) म्हणतात, प्रकल्पाला येताना ज्याने त्याने आपल्याबरोबर आणलेलं ज्ञान. प्रकल्पातून नवं निघतं ते फोरग्राउंड. करारात दोन्ही वेगळी लिहिलेली असायला हवीत, आणि मागे एक परिशिष्ट हवं: संस्थेने आणलेलं काय, कंपनीने आणलेलं काय. तुझ्या रकान्यात कॅटलिस्ट कसा बनवतात ते लिहायची गरज नाही. नाव किंवा सांकेतिक क्रमांक, तो कुठल्या वहीच्या कुठल्या पानावर पहिल्यांदा नोंदला ती तारीख, आणि आजवर त्यावर झालेले पेपर किंवा रिपोर्ट. पाच-सहा ओळी. कंपनीचंही यात भलंच आहे, कारण त्यांचं संयुग त्यांच्या रकान्यात जातं. या ओळींना हरकत घेणारी कंपनी मी फारशी पाहिलेली नाही. या ओळी मागणारे विद्यार्थीही फारसे पाहिलेले नाहीत.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या हातातली दोन पानं हा मूळ करार नव्हे, ते हमीपत्र आहे. मूळ करार संस्था आणि कंपनी यांच्यात होतो, त्यावर डीन किंवा कुलसचिव सही करतात, आणि विद्यार्थ्याच्या हाती शेवटी त्याची शेपटी येते. तो मूळ करार वाचायला माग. बहुतेक मोठ्या संस्थांमध्ये यासाठी वेगळा कक्ष असतो. आयआयटी मुंबईत त्याला आयआरसीसी म्हणतात, तुमच्याकडे दुसरं काही नाव असेल. तिथला माणूस रोज असेच करार हाताळतो. मूळ करारात छापण्याबद्दल साठ दिवसांची मुदत असते आणि विद्यार्थ्याच्या हमीपत्रात मात्र नुसतं 'परवानगी' लिहिलेलं असतं, असं मी स्वतः वाचलंय. कुणाचा डाव वगैरे नव्हता. कंपनीच्या एचआरने कर्मचाऱ्यांचा छापील नमुना घेतला, वरचं नाव बदललं आणि पाठवून दिला. तुझ्या कागदातलं ते दोन वर्षांचं कलमही मला तिथूनच आलेलं दिसतं.

छापण्याचं मात्र नीट समजून घे, कारण इथे मी स्वतः पोळलेय. माझ्या पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी मी एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये पाच महिने होते. पेपर लिहिला, गाइडनी तपासला, परवानगीसाठी कंपनीकडे गेला. त्यांच्या संशोधन प्रमुखांना आवडला. मग तो 'लीगल'कडे गेला आणि लीगलच्या टेबलावर बसला. मी दर पंधरा दिवसांनी फोन करायची, पलीकडच्या बाई फार गोड बोलायच्या. नकार कधीच आला नाही, आणि होकारही. थीसिस जमा करायची तारीख आली तेव्हा मी तो धडा काढून टाकला. बत्तीस पानं होती, ती अजून माझ्याकडे एका फाइलमध्ये आहेत.

चूक माझी होती असं म्हणत नाही, पण 'परवानगीशिवाय छापणार नाही' या वाक्यावर सही माझीच होती. आता मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट सांगते: परवानगी शब्द काढा, मुदत घाला. 'मजकूर मिळाल्यापासून इतक्या दिवसांत कंपनी आपले आक्षेप लेखी कळवेल, न कळवल्यास संमती धरली जाईल.' तीस, साठ, फार तर नव्वद दिवस. आणि आक्षेप कशाला घेता येईल तेही लिहायचं: कंपनीची गुप्त माहिती वगळा म्हणणं, किंवा पेटंट टाकेपर्यंत थांबा म्हणणं. 'आम्हाला नको' हा आक्षेप होऊ शकत नाही.

कंपनीची बाजूही सांगते, म्हणजे वाटाघाटीला बसताना तू चिडलेली नसशील. आपल्या पेटंट कायद्यात शोध नवीन असावा लागतो, आणि अर्ज टाकण्याआधी तो जगजाहीर झाला तर नवेपण गेलं. शोधकाने स्वतःच जाहीर केला तरी. विद्वत्सभेत वाचलेल्या पेपरसाठी कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती फार अरुंद वाट आहे, तिच्या भरवशावर कोणी शहाणा माणूस जात नाही. युरोपात तर तेवढीही नाही. त्यामुळे तू एखाद्या परिषदेत पोस्टर लावलंस, किंवा कौतुकाने रिॲक्टरसमोरच्या फळ्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकलास (हसू नकोस, झालेलं आहे), तर त्यांचा पैसा आणि तुमच्या संस्थेचाही हक्क, दोन्ही बुडू शकतात. उपाय साधा आहे. आधी तात्पुरता अर्ज टाकायचा, त्याला प्रोव्हिजनल म्हणतात. पूर्ण अर्जासाठी पुढे बारा महिने मिळतात, आणि तात्पुरता अर्ज नीट लिहिला असेल तर दुसऱ्या दिवशी पेपर पाठवायला हरकत नाही. म्हणजे पेटंट आणि पेपर यांचं भांडण बहुतेक वेळा दोन महिन्यांचं असतं. ते दोन वर्षांचं होतं ते कुणी तारीख घातली नाही म्हणून.

पेटंट निघालंच तर त्याची मालक कंपनी असू दे, किंवा कंपनी आणि संस्था मिळून. पण शोधक म्हणून नाव लागतं ते ज्याने शोध लावला त्याचं. मालकी विकता येते, शोधकपण विकता येत नाही. कलम २८ मध्ये शोधकाचा उल्लेख मागायची तरतूद आहे. तुझं डोकं त्यात असेल तर तुझं नाव हवं, एवढं ओठांवर ठेव. आणि हे दोन्हीकडून लागू होतं बरं का. नुसता नमुना चालवून दिला म्हणून कोणी शोधक होत नाही, आणि नुसता गाइड आहे म्हणूनही नाही.

तू टी टेस्ट, ती संख्याशास्त्रातली चाचणी, लावतेस ना डेटाला? 'स्टुडंट्स टी'. मला बरीच वर्षं वाटायचं की विद्यार्थ्यांसाठी सोपी करून ठेवली म्हणून हे नाव. तो स्टुडंट म्हणजे विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीतला केमिस्ट. बार्लीचे आणि हॉप्सचे नमुने नेहमी मोजकेच, आणि मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा हा त्याचा रोजचा प्रश्न. कंपनीने त्याला १९०६-०७ मध्ये लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनच्या लॅबमध्ये शिकायला धाडलं. म्हणजे तुझ्या उलटा प्रवास, कारखान्यातून विद्यापीठात. १९०८ मध्ये पेपर आला, पण कंपनी आपल्या लोकांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून लेखकाच्या जागी नुसतं 'स्टुडंट'. बिअरबद्दल त्यात चकार शब्द नाही. गुपित कारखान्यात राहिलं आणि पद्धत जगाला मिळाली.

तुझ्या थीसिसलाही मी हेच करायला सांगणार आहे. कारण थीसिस गुप्त राहू शकत नाही. व्हायवा सगळ्यांसमोर होतो, आणि यूजीसीच्या नियमाप्रमाणे पदवी जाहीर व्हायच्या आधी थीसिसची प्रत इन्फ्लिबनेटला, म्हणजे शोधगंगा या थीसिसांच्या खुल्या ऑनलाइन भांडारात जाते. संस्थेशी बोलून ती काही काळ झाकून ठेवायची सोय कुठे कुठे होते, पण त्यावर विसंबू नकोस.

त्यांचं नायट्रो संयुग त्यांचंच राहू दे, थीसिसमध्ये त्याचं नावसुद्धा नको. त्याच जातीचं पाठ्यपुस्तकातलं संयुग घे. साधं नायट्रोबेंझीन घे, त्यापासून ॲनिलीन, किंवा त्यांच्या संयुगात क्लोरीन असेल तर तसाच क्लोरीन बाजूला असलेलं एखादं बाजारात मिळणारं संयुग. तुझा कॅटलिस्ट, तुझं अभिक्रियेच्या गतीचं समीकरण, गंधकाने तो कसा मरतो आणि पुन्हा कसा उठवायचा, हे सगळं त्या नमुना संयुगावर संस्थेच्या लॅबमध्ये कर. कंपनीत दिवसभर त्यांच्या रेणूवर काम करताना जो प्रश्न सुचेल, तो परत येऊन आपल्या रेणूवर सोडव. कारखान्यात तुला प्रश्न सापडेल, आणि प्रश्नावर कोणाचं पेटंट नसतं. थीसिसच्या कुठल्या धड्यात नमुना संयुग जाणार हे जायच्या आधी सरांबरोबर बसून एका पानावर लिहून काढा. ते पान कंपनीलाही दाखवा. 'हे आम्ही छापणार, याला तुमची हरकत नाही ना?' एवढं पान मेलवर 'ओके' होऊन आलं की तुझी निम्मी झोप परत येईल.

मग जायचंच कशाला, असं तुझा सीनियर विचारेल. मजूर म्हणून वापरतात, हे त्याचं म्हणणं अगदी खोटं नाही. काही ठिकाणी इंटर्नला एचपीएलसीसमोर, म्हणजे नमुने तपासायच्या यंत्रासमोर, बसवतात आणि सहा महिने सॅम्पल लाव म्हणतात. म्हणून जाण्याआधी कामाची व्याप्ती लिहून घे, पहिल्या महिन्यात प्लांटवर निदान आठवडाभर उभं राहायला मिळेल हे त्यात घाल. तो आठवडा मिळणार असेल तर मी तुला हाताला धरून पाठवीन.

एक हिशोब कर. तुझा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली अभिक्रिया करायचं भांडं, १०० मिलिलिटरचा असेल. त्यांच्या पायलट प्लांटमधला १,००० लिटरचा धर. आकारमान दहा हजार पट. पण भांड्याची भिंत त्या मानाने वाढत नाही. दर लिटरमागे थंड करायला मिळणारी भिंत उरते साधारण एकविसाव्या हिश्शाएवढी. आणि नायट्रोचं अमाइन होताना दर मोलला साडेपाचशे किलोज्यूलच्या घरात उष्णता सुटते. तुझ्या टेबलावर ती कधी आली आणि कधी गेली तुला कळलंही नसेल, थर्मामीटर दोन अंशांनी हलला असेल. तिथे तीच उष्णता बाहेर काढणं हीच अख्खी प्रक्रिया असते. हायड्रोजन कमी पडला, ढवळणी मंद झाली, कॅटलिस्ट अर्धमेला झाला, तर अभिक्रिया मधल्या टप्प्यावर अडकते आणि हायड्रॉक्सिलअमाइन साठत जातं. ते तापलं की स्फोट होऊ शकतो, किती नाजूक प्रकरण आहे ते तू वाचलेलं असशीलच. वाचलेलं आणि कंट्रोल रूममध्ये तापमानाची रेघ वर सरकताना बघितलेलं, यात फरक आहे.

दुसरं, प्रश्न बदलतात. आपण पेपरात लिहितो, 'कॅटलिस्ट पाच वेळा पुन्हा वापरता आला.' तू हे पहिल्या मीटिंगमध्ये सांगशील आणि प्रॉडक्शनचा माणूस विचारेल, "मॅडम, फिल्टर व्हायला किती वेळ लागतो?" तुला उत्तर येणार नाही. कुणालाच येत नाही पहिल्यांदा. पूड जितकी बारीक तितकं काम चांगलं, एवढं आपल्याला माहीत. तिथे बारीक पुडीने फिल्टरचं कापड चोंदतं, चार तासांची बॅच अकरा तासांवर जाते आणि शिफ्ट बदलताना भांडण होतं. तिसाव्या बॅचला काय होतं, फिल्टरवर उरलेला कॅटलिस्टचा ओला केक सुकला तर पेट घेतो का, ड्रम कोण उचलतो. मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका ऑपरेटर मामांनी, दहावी झालेले. व्हॉल्व्हच्या आवाजावरून ते सांगायचे, गॅस ओढतंय की थांबलंय. त्यांच्याबरोबर एक रात्रपाळी केली आणि माझ्या थीसिसचा एक आलेख चुकीचा काढलाय हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं.

आणि लोखंडाच्या चुऱ्याच्या त्या गाळाचा ढीग बघून ये. १८५४ सालची ती पद्धत, बेशांपची. पावसाळ्यात त्या गाळाचं काय करायचं हा प्रश्न ज्यांना रोज पडतो त्यांच्याकडे तू चालली आहेस. तुझ्या प्रस्तावनेतलं 'पर्यावरणपूरक' हे गुळगुळीत विशेषण तिथून आल्यावर तू खोडशील, आणि त्या जागी टनांचा आकडा लिहिशील.

ही सोयरीक काही आजची नाही. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात १९०७ मध्ये कंपन्यांच्या पैशांतून पहिली औद्योगिक फेलोशिप सुरू झाली, तिचा विषय होता कपडे धुण्याचं रसायन. आपल्याकडे लाहोरला रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागरांकडे अटकच्या तेल कंपनीची माणसं एक अडचण घेऊन आली: विहिरी खणताना वापरायचा चिखल खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की दगडासारखा होई. भटनागरांनी त्यात देशी डिंक घातला आणि चिखल वाहता झाला. कंपनी खूश, दीड लाख रुपये देऊ केले. त्यांनी ते स्वतःला घेतले नाहीत, विद्यापीठामार्फत पेट्रोलियम संशोधनाला लावले. आणि माटुंग्याची आपली यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, आताची आयसीटी, १९३३ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या अभ्यासक्रमांत कापडाचं रसायन होतं, कारण बाहेर गिरण्या होत्या. तेव्हा 'कंपनीसाठी काम म्हणजे बाटलेलं संशोधन' असं कोणी ऐकवलं तर मनावर घेऊ नकोस.

ते दोन वर्षांचं कलम. मी वकील नाही, पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ सांगतं की धंदा-नोकरी करायला मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी सुटल्यानंतरच्या अशा बंदीला आपली न्यायालयं सहसा उभं करत नाहीत. तरीही ते तसंच ठेवून सही करू नकोस. 'मी विद्यार्थिनी आहे, कर्मचारी नाही, हे कलम मला गैरलागू आहे' असं नम्रपणे लिहून खोडायला सांग, बहुतेक खोडतील. गुप्ततेचं कलम मात्र वेगळं, ते खरंच बांधतं आणि बांधायलाच हवं. त्याला वर्षांची मर्यादा घालून घे. तिथली वही तिथेच राहील, तिचे फोटो काढायचे नाहीत, पेन ड्राइव्ह खिशात घालायचा नाही, स्वतःच्या जीमेलवर एक ओळही पाठवायची नाही. रात्री गेस्ट हाउसवर स्वतःची डायरी जरूर लिही, आकडे आणि नावं न घालता.

मॅनेजरांच्या 'जॉइन व्हा'वर हुरळू नकोस, रागवूही नकोस. त्यांना माणूस हवाय, ते प्रामाणिक आहेत. पण 'पीएच.डी. होत राहील' हे वाक्य ज्यांना ऐकवलं गेलं त्यातल्या किती जणांची झाली, ते तुझ्याच विभागात विचार. नियमाने पीएच.डी.ला सहा वर्षं, पुढे पुन्हा नोंदणी करून दोन, आणि बायकांना आणखी दोनांची सवलत. कागदावर भरपूर वेळ आहे. आठवड्याचे सहा दिवस प्लांटवर घालवून रविवारी थीसिस लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत, तो रविवार कपडे धुण्यात जातो. 'थीसिस जमा करून नक्की येईन, तोवर जागा राहिली तर बरं' असं सांग. ज्यांना तू खरंच हवी आहेस ते वर्षभर थांबतात.

पैशाचं: ४२,००० केंद्राच्या फेलोशिपचे असतील तर त्यावर दुसरीकडचं मानधन चालतं का, हे संस्थेच्या अकाउंट्सकडून लेखी घे. तोंडी 'चालतं हो' वर जाऊ नकोस, वसुली निघते तेव्हा तोंडी बोललेला माणूस बदलून गेलेला असतो. कंपनीचे पैसे संस्थेमार्फत यावेत हे सगळ्यात सुटसुटीत.

आईच्या काळजीला मी हसणार नाही. तिला एकटेपणाची भीती वाटते, मला रिॲक्टरची. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ च्या मे महिन्यात स्फोट झाला, पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात झाला, माणसं गेली. इंटर्न ना कामगार ना पाहुणा, म्हणून विम्याच्या यादीत त्याचं नाव अनेकदा नसतंच. अपघात विमा कोण काढणार, संस्था की कंपनी, हे करारात हवं. पहिल्या दिवशी सुरक्षेचं प्रशिक्षण झाल्याशिवाय प्लांटमध्ये पाऊल टाकू नकोस, 'नंतर करू' म्हणाले तरी. गेस्ट हाउसमध्ये दुसऱ्या कोणी बायका राहतात का, उशिरा सुटल्यावर बस आहे का, हे एकदा आईलाच फोनवर विचारू दे. ती तुझ्यापेक्षा नेमकं विचारेल.

राहिले सर. ते तुझे शत्रू नाहीत, घाईत आहेत. त्यांना हा प्रकल्प मिळाला तर पुढचे दोन विद्यार्थी घेता येतील. त्यांच्याकडे 'मला हे मान्य नाही' म्हणून जाऊ नकोस. "सर, परिशिष्टात आपला कॅटलिस्ट घालूया का? उद्या आपल्याच लॅबला दुसऱ्या कंपनीबरोबर तो वापरायचा झाला तर अडचण नको," असं म्हण. 'आपल्या' वर जोर दे. मग ते स्वतःच त्या कक्षाला फोन लावतील. आणि बोलणं झालं की संध्याकाळी एक छोटा मेल टाक, 'आज ठरल्याप्रमाणे...' म्हणून.

ता. क. तुझ्या ता. क.चं. प्रश्न अजिबात बावळट नाही. सुती कपडे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पँट. हायड्रोजनच्या आसपास नायलॉन-पॉलिएस्टर नको, अंगावरची स्थिर वीज ठिणगी पाडते. ओढणी नको, केस जाळीत. बूट ते देतील, पण अँटिस्टॅटिक आहेत ना ते विचार, आणि तुझा नंबर पाच असेल तर आठ दिवस आधी कळव. स्टोअरमध्ये सातच्या खाली काही नसतं. मी पाच महिने पुढे कापूस कोंबून चालले.